कॅम्पातली मुलं आणि जबाबदारीचा प्रश्न

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)

मागच्या वेळी आपण स्वातंत्र्याबद्दल बोललो. स्वातंत्र्य म्हटलं की त्याच्या पाठोपाठ जबाबदारी येतेच, म्हणून आजचा विषय जबाबदारी. पण हवेत बोलायचं नाही असं आपलं ठरलेलं आहे. तेव्हा एक घटना घेऊ आणि तिथून पुढे जाऊ.

२७ ऑक्टोबर २००५. पॅरिसच्या बाहेर क्लिशी-सू-ब्वा नावाचं उपनगर आहे. तिथे पोलिसांना पाहून काही मुलं पळाली. त्यातली तिघं विजेच्या उपकेंद्रात लपायला शिरली. दोघं विजेचा धक्का बसून तिथेच गेली. एक सतरा वर्षांचा होता, एक पंधरा वर्षांचा. त्यांची घराणी उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेली. त्या रात्रीपासून जवळजवळ तीन आठवडे फ्रान्सच्या उपनगरांत गाड्या जळत होत्या, शाळा जळत होत्या. सरकारने आणीबाणी लावली, आणि तीही १९५५ च्या कायद्याखाली. तो कायदा अल्जेरियाच्या युद्धाच्या काळात झालेला. ज्यांच्या आजोबांसाठी केला, तोच नातवांवर लागला. २०२३ च्या जूनमध्ये नांतेर इथे पोलिसाच्या गोळीने सतरा वर्षांचा एक मुलगा मेला, आणि पुन्हा तेच झालं.

अशा वेळी दोन उत्तरं ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, समाजानेच यांना बाहेर ठेवलं. नोकरी नाही, मान नाही, मग दुसरं काय होणार? दुसरा पक्ष म्हणतो, शाळा फुकट दिली, दवाखाना दिला, तरी गाड्या जाळता? गाडी परिस्थितीने जाळली नाही, तुम्ही जाळली. पहिल्याला आपण परिस्थितीवादी म्हणू, दुसऱ्याला जबाबदारीवादी. टीव्हीवर हे दोघं समोरासमोर बसतात, तासभर भांडतात आणि घरी जातात.

आमचं म्हणणं असं की दोघांकडेही अर्धं अर्धं सत्य आहे, पण हे दोन अर्धे नुसते जोडून पूर्ण सत्य होत नाही. ते का, हे आज पाहायचं आहे. आणि पॅरिसला जायची गरज नाही. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेलं तरी पुरे.

आपल्याकडचे पाहुणे

गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलात की वडसा यायच्या आधी अरुणनगर नावाचं स्टेशन लागतं. अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही आसपासच्या मराठी गावांसारखी नावं नाहीत. या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. १९६४ च्या जानेवारीत तिकडे दंगली झाल्या, लोंढे निघाले. सरकारने त्यांना रायपूरजवळच्या माना कॅम्पात आणलं, आणि तिथून दंडकारण्यात व आजूबाजूच्या जिल्ह्यांत जमीन देऊन बसवलं. त्या वेळच्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांच्या वाट्यालाही काही वसाहती आल्या. आपला गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि त्या वसाहती आपल्याकडे आल्या.

त्याच तालुक्यात इटियाडोहच्या अंगाला, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागे हजारो लोक आले. १९७२ मध्ये त्यातल्या काहींना इथे जागा मिळाली. हिमालयातली माणसं मे महिन्याच्या विदर्भात! तरी राहिली. धान लावायला शिकली. हिवाळ्यात स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्यापैकी किती जणांच्या अंगावर त्यांच्याकडचं स्वेटर असेल!

आता एक स्पष्ट सांगतो. आपल्याकडे पॅरिससारखं काही जळलेलं नाही. म्हणून प्रश्नच नाही, असं मात्र समजू नका. वगळलेली माणसं क्वचितच आग लावतात. बहुतेक वेळा ती गप्प बसतात, नाहीतर निघून जातात. जळलेली गाडी बातमीत येते, निघून गेलेला मुलगा येत नाही.

वगळणं म्हणजे गरिबी नव्हे

युरोपात आज 'सामाजिक वगळणूक' हा शब्द सगळीकडे चालतो. तो रुळला तो १९७४ च्या सुमारास, रने लनवार नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने वगळलेल्यांवर पुस्तक लिहिलं तेव्हापासून. आपल्या भाषेला तो शब्द नवा नाही. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली १९२४ मध्ये आणि 'बहिष्कृत भारत' सुरू केलं १९२७ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं आधी. 'गरीब' नाही म्हटलं त्यांनी, 'बहिष्कृत' म्हटलं. फरक त्यांना पक्का माहीत होता.

गरीब म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे तो. बहिष्कृत म्हणजे ज्याची मोजणीच होत नाही तो. दोन एकर कोरडवाहू असलेला आपला शेतकरी गरीब आहे, पण ग्रामसभेत तो उभा राहून बोलू शकतो, लग्नात त्याला अक्षता जातात, तलाठ्याच्या दप्तरात त्याचं नाव आहे. त्याचं दुःख मोठं आहे, पण तो आत आहे. उलट एखाद्याचं दुकान चांगलं चालतं, घर पक्कं आहे, आणि तरी त्याला 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न रोज येतो. तो काही अंशी बाहेरच आहे.

आम्ही याचे तीन दरवाजे करतो: कागद, काम आणि मान. एकेक पाहू.

पहिला दरवाजा: कागद

हॅना आरेंट या विदुषीने १९५१ च्या आपल्या ग्रंथात एक मोठी गोष्ट दाखवली. त्या स्वतः कित्येक वर्षं कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. त्या म्हणतात की मानवी हक्क सगळ्यांना असतात हे बोलायला ठीक, पण ज्याला कुठल्याच राज्याने आपलं म्हटलं नाही त्याला ते हक्क मागायला जागाच उरत नाही. हक्क असण्याचा हक्क आधी हवा.

आता आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याकडे पाहा. १९५५ चा कायदा. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मला तो जन्माने भारतीय, आई-बाप कुणीही असोत. त्यानंतर जन्मला तर आई-बापापैकी एक भारतीय पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक: दोघं भारतीय पाहिजेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

आता तिबेटी वसाहतीतल्या दोन भावंडांची कल्पना करा. थोरला १९८६ चा, धाकटी १९८८ ची. एकच घर, एकच शाळा, एकाच चुलीवरचं जेवण. आई-बाप दोघंही तिबेटी. कायद्याने थोरला भारतीय, धाकटी परदेशी. तिला नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं, त्याचं नूतनीकरण करावं लागतं. थोरल्यालाही हा हक्क सहज मिळाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो स्पष्ट सांगितला तेव्हा वाट मोकळी झाली. आणि २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या, त्यात वसाहतीत राहायचं नाही ही एक होती. म्हणजे नागरिक व्हायचं तर आईचं घर सोडा. अनेक तिबेटी तरुण तर नागरिकत्व मागतच नाहीत, कारण ते घेतलं म्हणजे तिबेट सोडल्यासारखं त्यांना वाटतं. हा त्यांचा निर्णय आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे. पण धाकटीला निर्णय घ्यायची संधीच नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

बंगाली वसाहतींचं कोडं वेगळं. तिथले बरेचसे लोक नमःशूद्र समाजाचे. हा समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. संविधानाच्या ३४१ व्या कलमाखाली ही यादी राज्यागणिक वेगळी होते, आणि एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं. कायद्याची बाजू समजण्यासारखी आहे. जातीची अवस्था प्रत्येक प्रदेशात वेगळी असते. पण ही माणसं आपण होऊन महाराष्ट्रात आलेली नाहीत. सरकारने गाडीत बसवून आणली. चुलतभावाला बंगालमध्ये उतरवलं म्हणून त्याच्या नातवाला शिष्यवृत्ती, याला इथे उतरवलं म्हणून याच्या नातवाला नाही.

आणि इतिहास पाहिलात तर मन खिन्न होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत जायला मुंबई प्रांतातून वाट मिळाली नाही. त्यांना निवडून पाठवलं बंगालने, आणि त्यासाठी झटले ते नमःशूद्र समाजाचे जोगेंद्रनाथ मंडल. त्या समाजाची नातवंडं आज बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात दाखल्यासाठी फिरतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनने १९४८ पासून वेस्ट इंडीजमधून माणसं बोलावली, त्यांनी बस चालवल्या, दवाखाने सांभाळले. त्यांची जी पोरं लहानपणी सोबत आली, त्यातल्या काहींना म्हातारपणी, २०१८ च्या सुमारास, 'तुम्ही इथले असल्याचा पुरावा द्या' असं सांगितलं गेलं. आणि त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती! जर्मनीत तुर्की कामगारांच्या पोटी तिथेच जन्मलेलं मूल २००० सालापर्यंत जन्माने परदेशीच धरलं जात होतं.

दुसरा दरवाजा: काम

कागद मिळाला तरी काम मिळेल असं नाही. आपले सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी एक अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत साधी. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फक्त नाव वेगळं. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्जदार माणूस समोर आलाच नव्हता. त्याने काही चूक करण्याआधीच त्याचं नाव त्याच्याविरुद्ध बोललं. युरोपातही असे प्रयोग झालेत, अरबी-आफ्रिकी नावांचे अर्ज पाठवून. निष्कर्षाची दिशा तीच.

इथे जबाबदारीवाद्यांची अडचण होते. ते म्हणतात, मेहनत करा, फळ मिळेल. पण एकाच्या मेहनतीला पूर्ण फळ आणि दुसऱ्याच्या तेवढ्याच मेहनतीला अर्धं, असं असेल तर दुसऱ्याने मेहनतीवरचा विश्वास गमावला याचं नवल वाटायला नको.

तिसरा दरवाजा: मान

हा सगळ्यात अवघड, कारण याचा कागद नसतो. आमच्या शिकवण्याच्या काळात बंगाली वसाहतीतून एक विद्यार्थी यायचा. झाडीबोली इतकी अस्सल बोलायचा की आम्हीच त्याला शब्दांचे अर्थ विचारायचो. झाडीपट्टीच्या नाटकांचा वेडा. मंडईच्या दिवसांत वर्गात दिसायचा नाही. तरी वर्गात त्याची ओळख 'कॅम्पातला'. एकदा त्याने विचारलं, "सर, माझे आजोबा कॅम्पात आले, बाबा कॅम्पात जन्मले. पण आता तिथं घरं आहेत, शेती आहे, शाळा आहे. कॅम्प कधी संपते?" प्रश्न व्याकरणाचा नव्हता. गाव म्हणजे जिथे माणूस राहतो, कॅम्प म्हणजे जिथे माणूस थांबतो. तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला आपण अजून थांबलेलाच समजतो.

संशयाचंही तसंच. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी जायची सवय गेली का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. क्लिशीची ती मुलं पळाली का, हा प्रश्न सारखा विचारला जातो. ज्याला नेहमी थांबवलं जातं, झडती घेतली जाते, तो पोलीस दिसला की पळतो. काही केलेलं असायला लागत नाही.

नातू का रागावतो?

युरोपात एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. पहिली पिढी आली, तिने हाल सोसले, ती गप्प राहिली. रागावली ती तिथेच जन्मलेली पिढी, जिला आजोबांपेक्षा कितीतरी जास्त मिळालं होतं. असं का?

उत्तर तुलनेत आहे. आजोबा तुलना करतो ती मागे सोडलेल्या गावाशी. तिथे घर जळत होतं, इथे झोपडी का होईना, रात्री झोप लागते. तो उपकार मानतो. नातवाने ते गाव पाहिलेलंच नाही. तो तुलना करतो ती शेजारच्या बाकावरच्या मुलाशी. दोघांचं पुस्तक एक, परीक्षा एक, क्रिकेटची टीम एक. मग दाखल्याच्या खिडकीपाशी दोन रांगा का? आजोबाला पाहुणा म्हणून वागवलं तर चालतं. नातू पाहुणा नाहीच, त्याला घरच्यासारखं वागवलं नाही तर त्याचा तो अपमान असतो.

म्हणून 'तुमचे आजोबा किती कष्टाळू होते, तुम्हीच बिघडलात' हे वाक्य आपण जपून वापरावं. आजोबांना कृतज्ञता सोपी होती. नातवाला समानता हवी आहे, आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

जबाबदारीचे दोन अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे. एवढं सगळं ऐकल्यावर वाटेल की आम्ही परिस्थितीवाद्यांच्या बाजूला जाऊन बसलो. थांबा.

जबाबदारी हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि गोंधळ करतो. एक मागे पाहणारा अर्थ: हे कुणी केलं, दोष कुणाचा? दुसरा पुढे पाहणारा: आता हे कुणी करायचं, काम कुणाचं? वादळात झाड पडून रस्ता अडला, तर दोष कुणाचाच नाही, पण ते झाड उचलायची जबाबदारी कुणाची तरी आहेच.

पहिल्या अर्थाबद्दल ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितलं: जे माणसाने जाणून, स्वतःहून केलं त्याबद्दलच स्तुती किंवा निंदा. जबरदस्तीने किंवा अजाणता झालं तर हिशेब वेगळा. कांटने आणखी एक पाऊल टाकलं: 'तू हे केलं पाहिजेस' असं म्हणण्यात 'तुला हे करता येतं' हे गृहीत असतं. मघाची धाकटी आठवा. नागरिक झाली नाही म्हणून तिला दोष देता येणार नाही, कारण तो दरवाजा तिच्या बाजूने उघडतच नाही. पण शेजाऱ्याची गाडी पेटवणाऱ्याला काडी न ओढणं शक्य होतं. तिथे दोष त्याचा. त्यात जळलेली गाडी बहुतेक वेळा त्याच वस्तीतल्या एखाद्या कामगाराची असते, शाळा त्याच्याच धाकट्या भावाची असते. राग खरा असतो, पण तो ज्याच्यावर निघतो तो माणूस भलताच असतो.

आता एक बारीक मुद्दा, आणि आजच्या व्याख्यानात आम्हाला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये स्वातंत्र्य आणि राग यांवर एक निबंध लिहिला. त्याचा सार असा. आपण कुणावर रागावतो, कुणाला क्षमा करतो, कुणाचे आभार मानतो, तेव्हा आपण त्याला आपल्यासारखा माणूस मानत असतो. लहान बाळाने लाथ मारली तर आपण रागावत नाही. तापात बरळणाऱ्याचं बोलणं मनावर घेत नाही. त्यांना आपण त्या वेळेपुरतं हिशेबाबाहेर ठेवतो.

आता हे आपल्या प्रश्नाला लावा. एखाद्या तरुणाने चूक केली आणि आपण म्हणालो, 'बिचारा, परिस्थितीच अशी, तो तरी काय करणार', तर ऐकायला दया वाटते. पण आपण त्याला बाळाच्या किंवा तापाने फणफणलेल्याच्या रांगेत बसवलं. म्हणजे कागदातून वगळलं, कामातून वगळलं, मानातून वगळलं, आणि आता माणूस म्हणून जाब द्यायच्या अधिकारातूनही वगळलं. परिस्थितीवाद्याची दया आणि जबाबदारीवाद्याचा तिरस्कार दोघंही त्याला आत घेत नाहीत. एक म्हणतो तो बिचारा, दुसरा म्हणतो तो वाईट. त्याच्याशी बरोबरीने भांडायला कुणी तयार नाही.

सुरुवातीला आम्ही म्हणालो ना, दोन अर्धे जोडून पूर्ण होत नाही? ते यामुळे. नुसतं 'थोडी चूक समाजाची, थोडी त्याची' असं वाटप करून भागत नाही. ज्याच्याकडून जाब मागायचा त्याला आधी आपल्यात बसवावं लागतं, आणि ज्याला आपल्यात बसवलं त्याच्याकडून जाब मागावाच लागतो.

महाडचं उदाहरण

हे कुणी करून दाखवलं असेल तर महाडला, मार्च १९२७ मध्ये. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना काय सांगितलं ते आपण विसरतो. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, मुलांना शिकवा, राहणी बदला. कठोर बोलले. आणि मग त्याच लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले.

'आधी सुधारा, मग हक्क मागा' असं ते म्हणाले नाहीत. तो सवर्णांचा सल्ला होता. 'आधी हक्क द्या, मग आम्ही सुधारू' असंही म्हणाले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. लोकांना ते अपमानाचं वाटलं नाही, कारण सांगणारा त्यांच्यातला होता आणि त्यांच्यासोबत तळ्यावर उतरणार होता. हेच वाक्य तळ्याला कुंपण घालणाऱ्याने म्हटलं असतं तर ती शिवी झाली असती. जबाबदारीची भाषा बोलायचा अधिकार कमवावा लागतो.

मग कुणी काय करायचं?

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ होत्या. त्यांचं म्हणणं, समाजातल्या पुष्कळ अन्यायांत एक गुन्हेगार सापडत नाही; सगळे आपापलं काम नियमाने करत असतात आणि तरी कुणीतरी बाहेर राहतं. अशा ठिकाणी दोष शोधत बसण्यापेक्षा, त्या व्यवस्थेत जो जो सहभागी आहे त्याने आपल्या ताकदीप्रमाणे वाटा उचलावा. हे आपण आपल्या तालुक्यापुरतं करून पाहू.

दाखल्याच्या खिडकीमागच्या कारकुनाने कायदा केलेला नाही. तो कायदा बदलू शकत नाही. पण कोणता कागद हवा ते एकदाच, लिहून, नीट सांगू शकतो. पाच फेऱ्या वाचवू शकतो. तेवढी त्याची जबाबदारी. आमदार-खासदारांची त्यापेक्षा मोठी, कारण अनुसूचित जातींची यादी बदलायचा अधिकार संसदेचा आहे. शिक्षकाची आणखी वेगळी: हजेरी घेताना, ओळख करून देताना 'कॅम्पातला' हा शब्द वर्गात चालू द्यायचा की नाही. दुकानदाराची: नाव न पाहता काम पाहायची.

आणि त्या तरुणाची? त्याचीही आहे. दारू, जुगार, 'आपलं काही होणार नाही' हे रोजचं पालुपद यांना परिस्थिती कारण देते, पण सही त्याचीच असते. आपल्या धाकट्यांना शाळेत टिकवणं, अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागणं, एकट्याने न फिरता दहा जणांनी मिळून जाणं, हे त्याला करता येतं. आणि ज्या गावात राहतो त्या गावाच्या तळ्याची, जंगलाची, ग्रामसभेची काळजी आपली म्हणून करणं, हेही. हे उपकाराची परतफेड म्हणून करायचं नाही. गाव त्याचंही आहे, म्हणून करायचं.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही तेव्हा एवढंच म्हणालो होतो: कॅम्प संपवण्याचं अर्धं काम आमच्या जिभेचं आहे. बाकीच्या अर्ध्यात तुझाही हात लागेल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, निर्वासितांना जमीन दिली ती जंगलाची. आमच्या गोंड-हलबा लोकांना त्याच जंगलाचे पट्टे मिळवायला पिढ्या लागल्या. त्यांच्या वगळणुकीचं काय?*

योग्य प्रश्न आहे, आणि टाळण्यासारखा नाही. २००६ चा वनहक्क कायदा पाहा. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. १९६४ नंतर आलेल्या माणसाला ते शक्यच नाही. या अटीने बंगाली तरुण बाहेर राहतो, पण आदिवासीच्या हक्काला तेवढं कुंपण मिळतं. इथे दोन वगळलेले समोरासमोर उभे आहेत. निर्वासिताने आदिवासीची जमीन घेतली असं म्हणण्यापेक्षा, दोघांना न विचारता तिसऱ्यानेच नकाशा आखला असं म्हणणं जास्त खरं आहे. तेव्हा एकाचा हक्क दुसऱ्याच्या ताटातून काढून द्यायचा नाही, ही पहिली अट. आणि दोघांनी एका ग्रामसभेत बसायचं, ही दुसरी. तिथे निर्वासिताच्या नातवाची विशेष जबाबदारी अशी की आपल्याआधी इथे कोण होतं हे त्याने शिकावं.

*प्रश्न: आपण म्हणता जाब मागावा. पण जाब मागणारे नेहमी वरचेच असतात. खालच्याने वरच्याला कधी विचारायचं?*

म्हणूनच जाब हा दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. क्लिशीच्या प्रकरणात दोन पोलिसांवर खटला चालला, २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. निकाल योग्य की अयोग्य यात आम्ही शिरत नाही. पण मुलांच्या आईबापांना निकालाच्या पायरीपर्यंत यायला दहा वर्षं लागली, आणि गाड्या जाळणाऱ्या पोरांना शिक्षा काही दिवसांत झाल्या. ज्या समाजात खालच्याचा हिशेब लगेच होतो आणि वरच्याचा दहा वर्षांनी, तिथे जबाबदारीवरचं प्रवचन कुणी ऐकून घेणार नाही. खालच्याने विचारायचं ते आजच, माहितीच्या अधिकारात, ग्रामसभेत, न्यायालयात. शांतपणे, पण मागे न हटता.

*प्रश्न: तिबेटी मुलं शिकून युरोप-अमेरिकेत जातात. मग वसाहतीचं काय? थांबणं ही त्यांची जबाबदारी नाही का?*

आपली पोरं शिकून पुण्याला, हैदराबादला जातात, त्यांना आपण हा प्रश्न विचारतो का? त्यांच्या जाण्याला आपण प्रगती म्हणतो. तोच मापदंड इथे लावा. फक्त एक फरक आहे: आपला मुलगा दिवाळीला परत येतो तेव्हा त्याला कुणी परवानगी विचारत नाही. जाणं हा ज्याचा निर्णय आहे त्याला जाऊ द्यावं. ज्याला राहायचं आहे त्याला राहता यावं, एवढं पाहणं आपलं काम.

वेळ झाली. पुढच्या वेळी कृतज्ञतेबद्दल बोलू. ज्याला दिलं त्याने किती काळ आभार मानत राहायचं, हा प्रश्न आज अर्धवट राहिला आहे.